तिरपी पट्टी

आप्पा चौकट आधी जमिनीवर आडवी मांडायचे. सागवानाचे दोन खांब, वर आडवं लाकूड, खाली उंबरा. खाचेत कुसू बसवून, वर फळकूट ठेवून हलक्या हातानं ठोके दिले, सांधे मिळाले, की मला हाक यायची. "तायडे, टेप धर."

टेपचं टोक मी वरच्या डाव्या कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून धरायचे आणि आप्पा दुसरं टोक घेऊन खालच्या उजव्या कोपऱ्याशी उकिडवे बसायचे. "सात फूट सात इंच." मग मी वर उजवीकडे, ते खाली डावीकडे. "सात फूट सात इंच सहा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन मापांत सहा सुतांचा, म्हणजे पाऊण इंचाचा फरक. ज्या कोपऱ्याकडं माप जास्त आलं, तिथं आप्पा फळकूट लावून बाहेरून आत एक ठोका द्यायचे. पुन्हा टेप. पुन्हा एक ठोका, आधीपेक्षा हलका. दोन्हीकडून सात फूट सात इंच तीन सूत आलं की ते काही बोलत नसत. बाजूला पडलेली एखादी जुनी रीप उचलायचे, एका खांबापासून वरच्या लाकडापर्यंत तिरपी ठेवायचे आणि दोन खिळे मारायचे. खिळ्यांची डोकी मुद्दाम वर ठेवायची, कारण ही पट्टी पुढं काढायची असते.

मग चौकट जागेवर जायची. हळदकुंकू, आंब्याचा डहाळा, नारळ, सुताराला टॉवेल-टोपी. गवंडी दोन्ही बाजूंनी भिंत चढवायचे, आणि एवढ्या सगळ्या शोभेत ती मळकी तिरपी पट्टी तशीच असायची. घरमालकीण म्हणायची, "ही काढा की आता, वाईट दिसतंय." आप्पा म्हणायचे, "भिंत धरू द्या." भिंत वाळून घट्ट झाली की पट्टी निघायची, खिळ्यांची दोन भोकं लांबी भरून बुजायची, वर रंग बसायचा. त्या पट्टीचं काम संपलेलं असायचं आणि ती पुढच्या चौकटीसाठी कोपऱ्यात उभी राहायची.

मी दहाएक वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं की दोन्ही खांब सात-सात फूट, वर-खाली तीन-तीन फूट, हे तुम्ही आधीच मोजलंय, मग पुन्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कशाला मोजायचं? आप्पांनी रंध्यावरचा हात थांबवला नाही. "बाजू बराबर हायत गं. पन चौकट उभी हाय का कललीया, ते बाजूला ठावं नसतं."

मी पुढं तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. समांतरभुज चौकोन दरवर्षी नववीला यायचा आणि दरवर्षी फळ्यावर तो काढताना मला आप्पांचं हे वाक्य आठवायचं.

पुस्तकातलं प्रमेय सगळ्यांनी केलेलं असतं. समांतरभुज चौकोनाच्या संमुख भुजा एकरूप असतात, संमुख कोन एकरूप असतात. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मुलं सिद्धता पाठ करतात, आणि रचना या शब्दावर त्यांचा डोळा ठरत नाही, कारण तिथं एकच ओळ असते: कर्ण काढा. पण सगळं त्या ओळीत आहे. कर्ण काढला नाही तर तुमच्यासमोर चार रेषा असतात आणि त्यांच्याबद्दल बोलायला काही साधन नसतं. कर्ण काढला की दोन त्रिकोण तयार होतात, समांतर रेषांमुळं व्युत्क्रम कोन मिळतात, मधली बाजू दोघांची सामाईक, कोबाको, म्हणजे कोन-बाजू-कोन कसोटी लागते आणि गणित सुटतं. मी स्वतः नववीत असताना बाईंनी फळ्यावर तो कर्ण तुटक रेषेनं काढला तेव्हा मला तिथं रीप दिसली होती. खिळ्यांसकट. प्रमेय सिद्ध झाल्यावर आकृतीत तिची गरज उरत नाही, हेसुद्धा तसंच.

एका वर्षी वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, त्रिकोणाला बाबाबा कसोटी आहे, मग चौकोनाला बाबाबाबा का नाही?"

असा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. दोन त्रिकोणांच्या तिन्ही बाजू जुळल्या की ते एकरूप, याला मुलं बाबाबा म्हणतात. मग चौकोनाच्या चारी बाजू जुळल्या तर ते एकरूप का नाहीत? अगदी सरळ शंका. मी तिला तोंडी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आगपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा एक तुकडा घेऊन गेले. काड्या आणि ट्यूबचे सांधे ही युक्ती अरविंद गुप्तांची. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात त्यांनी टाकाऊ वस्तूंमधून विज्ञान शिकवण्याचं जे काम केलं, त्यामुळं आमच्यासारख्या कितीतरी शाळांना प्रयोगशाळा नसतानाही प्रयोग करता आले. ट्यूबचा सेंटीमीटरभर तुकडा कापायचा, त्यात दोन्हीकडून काडी घालायची, झाला लवचीक सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण केला. दाबा, ओढा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौरस केला. बोट लावलं की तो कलला. अजून लावलं, अजून कलला. शेवटी चारी काड्या जवळजवळ एका रेषेत येऊन मिटल्या.

मुलीनं तो हातात घेऊन किती तरी वेळ उघडला आणि मिटला. मग एक गोष्ट तिची तिलाच दिसली, ती मात्र मी सांगितलेली नव्हती. "बाई, कितीही वाकडा केला तरी समोरासमोरच्या काड्या समांतरच राहतात."

राहतातच. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की त्या समांतर असतात, हा त्याच प्रमेयाचा व्यत्यास. चौकोन कलतो, कोन बदलतात, कर्ण बदलतात, क्षेत्रफळ बदलतं. समांतरपणा तेवढा जात नाही. मी तिला पाचवी काडी दिली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बसवायला सांगितली. काडी बसेना, आखूड पडली. अर्थात पडणार. बाजूएवढीच काडी चौरसाला कर्ण म्हणून पुरत नाही. मग तिनं चौकोन थोडा कलवला, आणि एका जागी ती काडी नेमकी बसली. पाच काड्यांचे दोन समभुज त्रिकोण. आता तो समभुज चौकोन दगडासारखा घट्ट. घंटा होऊन गेल्यावरही चार मुलं बाकाभोवती उभी होती. शिक्षकाच्या आयुष्यात असे तास मोजकेच येतात.

क्षेत्रफळ बदलतं हे मी सहज लिहून गेले. आमच्या घरानं त्याची किंमत मोजलेली आहे.

माझ्या धाकट्या काकांनी गावाबाहेर प्लॉट घेतला. व्यवहार ओळखीतला. कागदावर पूर्व-पश्चिम ४० फूट, दक्षिण-उत्तर ६० फूट, क्षेत्र २४०० चौरस फूट, खाली चतुःसीमा. काका साधे असले तरी गाफील नव्हते. त्यांनी टेप नेऊन चारी बाजू स्वतः मोजल्या होत्या. पूर्वेची साठ, पश्चिमेची साठ, वरची चाळीस, खालची चाळीस. एक इंच कमी नाही. जागेवर बाभळी माजलेल्या, कडेला निवडुंग, त्यामुळं एका नजरेत सगळा तुकडा कधी दिसलाच नाही.

घराच्या आखणीला आप्पा गेले होते. गवंड्यानं रस्त्याकडच्या बाजूला दोरी ताणली आणि तीन-चार-पाच करून काटकोन धरला: दोरीवर तीन फुटांची खूण, आडव्या दोरीवर चार फुटांची, दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट आले की कोपरा गुण्यात. फक्कीनं रेघ मारत मागं गेला, तर रेघ शेजाऱ्याच्या कुंपणात घुसली. दुसऱ्या बाजूनं धरलं तर मागं आपलीच जागा मोकळी राहिली. गवंडी म्हणाला दोरी चुकली असेल. आप्पांनी दोरीकडं पाहिलंही नाही. बाभळीच्या काट्यांतून वाट काढत त्यांनी टेप तिरपा ओढला. एकीकडून ६० फूट. दुसरीकडून साडेब्याऐंशी.

चाळीस-साठच्या आयताचा कर्ण ७२ फुटांच्या किंचित वर यायला हवा, दोन्हीकडून. इथं एक कर्ण बाजूएवढाच भरत होता. त्या संध्याकाळी मी नववीच्याच रीतीनं हिशेब केला. साठ फुटांच्या कर्णानं प्लॉटचे दोन सारखे त्रिकोण झाले, प्रत्येकाच्या बाजू ६०, ६० आणि ४०. चाळीसच्या पायावर लंब टाकला तर उंची साडेछप्पन फुटांच्या जरा वर. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ११३१ चौरस फूट, दोन्ही मिळून २२६३. कागदावर २४००. १३७ चौरस फूट जागा कुणी पळवली नव्हती, खोदून नेली नव्हती, ती मुळात नव्हतीच. पैसे मात्र तिचेही गेले होते. काकू फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं स्वयंपाकघर."

विकणाऱ्याला ते ठाऊक होतं की तोही चारी बाजू मोजूनच समाधानी होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. मला राग येतो तो त्या कागदाच्या रीतीचा. चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडं केवढी काळजी असते: पूर्वेस अमुकाचं शेत, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस ओढा, दक्षिणेस तमुकाची विहीर. चारी दिशांचे साक्षीदार उभे करतात आणि आतून एक तिरपं माप कुणी लिहीत नाही. वास्तविक जमीन मोजणाऱ्या माणसांना हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. आपला गुंठा साखळीवरून आला. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. पण जुना मोजणीदार नुसती साखळी घेऊन बांधाबांधानं फिरत नसे. त्याच्याबरोबर शंकू असे. शेतातून एक सरळ रेषा धरायची आणि शंकूनं काटकोन साधून तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचे. बांधाची लांबी सांगून शेत किती ते ठरत नाही, हे त्या शंकूच्या काठीलाही ठाऊक होतं. तुम्ही आता कुठं जागा बघत असाल तर माझं ऐका, टेप दोनदा तिरपा ओढा. दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात.

हे सगळं घडून गेल्यावर कधीतरी मी 'लीलावती' नीट वाचायला घेतली. शिकवताना भास्कराचार्यांचं नाव घेतलं जातं, त्यातलं एखादं भुंग्यांचं किंवा हंसांचं गणित सांगितलं जातं आणि पुढं सरकतात. मीही तेच करत आले होते. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या त्या ग्रंथात क्षेत्रव्यवहार नावाचा भाग आहे, आणि त्यात चौकोनापाशी आल्यावर भास्कराचार्य चक्क रागावतात. चौकोनाचे कर्ण अनियत, म्हणजे न ठरलेले असतात, मग त्याचं क्षेत्रफळ नियत कसं असेल, असं ते विचारतात. लंब किंवा कर्ण यांतलं एकही न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

मी ती ओळ काकूला वाचून दाखवली होती.

पण मला खरं थांबवलं ते श्लोकाच्या खालच्या गद्यानं. तिथं ते समजावून सांगतात की समोरासमोरचे दोन कोन दाबून आत सरकवले की त्यांच्यामधला कर्ण आखडतो, आणि उरलेले दोन कोन बाहेर पसरून आपला कर्ण वाढवतात. म्हणून बाजू त्याच आणि कर्ण वेगळे. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर फळकूट लावून कोपऱ्यावर ठोका देणारे आप्पा आले. जास्त भरणारा कर्ण कमी होतो, कमी भरणारा वाढतो, आणि दोन्ही एका जागी येऊन मिळतात. सात फूट सात इंच तीन सूत. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी तीच हालचाल एका गणितीनं संस्कृतात लिहिलेली होती. पुढं उदाहरण आहे. चारी बाजू २५ असलेला चौकोन. एक कर्ण ३० घेतला तर दुसरा ४०, क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ घेतला तर दुसरा ४८, क्षेत्रफळ ३३६. आणि कर्ण समान घेतले तर ६२५. एकच परिमिती, तीन क्षेत्रफळं. यांतला कुठलाही आकडा घेऊन पडताळा, कर्णांचे अर्धे करून वर्ग करा, बेरीज ६२५ च येते. मी हे उदाहरण पुढं दरवर्षी वर्गात घेतलं, काड्या हातात देऊन.

चाळीसगावजवळच्या पाटणला मी मुद्दाम गेले ती यानंतर. पाटणादेवीच्या त्या डोंगररांगांच्या कुशीत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला होता, आजोबांचे ग्रंथ तिथं शिकवले जावेत म्हणून. यादव राजा सिंघणाच्या दरबारी तो ज्योतिषी होता. मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख तिथं आहे, शके ११२८ चा, डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, बाजारातल्या मालावरच्या उत्पन्नातलं काय काय मठाला दिलं ते सांगण्यासाठी. देवाधर्माचं, कुळाचं, कीर्तीचं संस्कृतात, आणि रोजच्या देण्याघेण्याचं मराठीत. मला तिथं उभं राहून फार बरं वाटलं. या मठातल्या कुणीतरी, याच मातीत, चौकोनाची अनियत स्थिती मोठ्यानं म्हणून पाठ केली असेल.

परत आल्यावर मी आप्पांना भास्कराचार्यांचं ते गद्य मराठीत सांगितलं. कोन आत दाबले की कर्ण आखडतो. त्यांनी ऐकून घेतलं, पान जुळवलं, आणि म्हणाले, "त्यानं कुना सुताराला चौकट मारताना बघितलं आसंल."

मला ते अगदी पटतं.

आता इथवर वाचून असं वाटेल की चौकोनाचं हे कलणं म्हणजे खोडच, कर्णानं जिरवायची. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. माझं मत बदललं ते झोपाळ्यामुळं.

आप्पा चौकटींइतकेच झोपाळे करायचे. आमच्या भागात वाड्यांतून, मोठ्या घरांच्या ओसरीवर झोपाळा असायचाच, आणि आप्पांच्या झोपाळ्याला लांबून बोलावणं यायचं. फळी कुणीही करील, त्यांचं कसब टांगण्यात होतं. झोपाळ्याच्या दोन जाती असतात. एकात बाजूच्या दोन्ही साखळ्या वर एकाच आकड्यात जातात. बाजूनं बघितलं तर तो त्रिकोण. हा झोपाळा पुढं गेला की फळी पुढून उचलली जाते, मागं आला की मागून. पाळण्यासारखा. दुसऱ्यात चार साखळ्यांना वर चार वेगळे आकडे, दोन तुळयांत. पुढच्या आणि मागच्या आकड्यांतलं अंतर फळीच्या पुढच्या-मागच्या कड्यांएवढंच. आता बाजूनं बघा: वर तुळयांमधलं अंतर, खाली फळीची रुंदी, दोन्ही सारखी; पुढची साखळी, मागची साखळी, दोन्ही सारख्या. समांतरभुज चौकोन. झोका घेतला की हा चौकोन कलतो, इकडं कलतो, तिकडं कलतो, आणि समोरासमोरच्या बाजू समांतर राहणार हे त्याच्या रक्तात असल्यामुळं फळी पूर्ण झोकाभर तुळयांना समांतर, म्हणजे सपाट राहते. बसलेल्याला कुणीतरी उचलून पुढं नेतंय आणि मागं आणतंय असं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना हा झोपाळा आवडायचा, कारण फळी पायांखालून वर येत नाही.

आकडे इंचभर जरी जास्त अंतरावर बसले तर तो समलंब चौकोन होतो आणि फळी झोक्याबरोबर डोकं हलवायला लागते. आप्पा म्हणायचे, "मान हलवतोय." तो झोपाळा ते तसा सोडत नसत.

या झोपाळ्यात कर्ण नाही. असून चालणारच नाही. चौकटीत जे हलणं दोन खिळे मारून बंद करायचं, तेच हलणं इथं तेल घालून मोकळं ठेवायचं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पन्नाशीच्या पुढं होते आणि घरचाच झोपाळा मला हे इतकी वर्षं सांगत होता.

नंतर हा चौकोन जागोजागी दिसायला लागला. किराणा दुकानातला टेबलावरचा तराजू आठवतो? वर दोन पारडी, खाली लोखंडी पेटी. आता इलेक्ट्रिक काट्यांनी तो गेलाच. टांगत्या तागडीची पारडी दोऱ्यांनी खाली लोंबतात म्हणून सरळ राहतात, पण याची पारडी दांडीच्या वर उभी असून कलंडत का नाहीत? कारण पेटीच्या आत आणखी एक दांडी लपलेली असते, वरच्या दांडीला समांतर, तेवढ्याच लांबीची. दोन दांड्या आणि पारड्यांच्या दोन उभ्या काठ्या मिळून समांतरभुज चौकोन होतो. तो कलला की एक पारडं सरळ वर जातं, दुसरं सरळ खाली, दोन्ही सपाट. गुळाची ढेप पारड्याच्या मधोमध ठेवा नाहीतर कडेला, वजन तेच भरतं. रोबर्व्हाल नावाच्या फ्रेंच गणितीनं १६६९ मध्ये ही रचना मांडली. आमच्या दुकानदाराला ते नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण साखरेचा पुडा तो पारड्यात कसाही टाकायचा, आणि त्या निष्काळजी हातामागं तीनशे वर्षांची खात्री होती. दुकान बंद करताना तो ओढायचा ते चॅनल गेट तर नुसते समभुज चौकोनच, एकाला एक जोडलेले. एक मिटला की सगळे मिटतात.

गेल्या दिवाळीआधी मी आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये झोपाळा लावून घेतला. फळी आप्पांच्या हातची, जुनी, गावच्या घरातून आणलेली. आप्पा आता पंचाऐंशीचे आहेत, माझ्याकडंच असतात, हात थरथरतो. स्लॅबला भोकं पाडायला एक तरुण मुलगा ड्रिल मशीन घेऊन आला. फळीच्या कड्या लांबीकडून ४८ इंचांवर, रुंदीकडून २० इंचांवर. त्यानं छतावर पेन्सिलीनं चार खुणा केल्या, चारी बाजू मोजल्या, "ताई, बरोबर आहे" म्हणाला आणि ड्रिल उचललं.

"थांब," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "तिरपं बघ."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी दुसऱ्या स्टुलावर चढले आणि टेपचं टोक छताला लावून धरलं. एक कर्ण साडेएक्कावन्न, दुसरा साडेबावन्न. "बावन पायजे," आप्पा म्हणाले, "दोनीकडनं." अठ्ठेचाळीस आणि वीस घेतले की कर्ण नेमका बावन्न येतो, सूतभरही वर-खाली नाही. म्हणून त्यांनी त्या फळीच्या कड्या त्या मापावर बसवल्या होत्या, हे मला त्या दिवशी स्टुलावर उभी असताना कळलं. चारानं भागा: बारा, पाच आणि तेरा. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, यज्ञवेदी आखायच्या दोरीची मापं सांगताना, तीन आणि चारच्या लगेच पुढं बारा आणि पाचची जोडी येते. आप्पांना ती त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती.

मुलानं खुणा पुसून नव्या केल्या. बावन्न, बावन्न. भोकं पडली, आकडे बसले, दोन दिवस सिमेंट वाळू दिलं. मग साखळ्या चढवल्या, चारी टोकांना तेल घातलं आणि फळी अडकवली.

आप्पा बसले नाहीत. आधी त्यांनी डब्यातून एक सुपारी काढून फळीच्या मधोमध ठेवली आणि दोन बोटांनी फळी ढकलली. सपाट फळीवरून सुपारी मागं घरंगळली, पुढं आली, पुन्हा मागं. फळीनं मान हलवली नाही. झोका कमी होत गेला तशी सुपारीची धाव कमी होत गेली. आप्पा वाकून फळीच्या कडेला डोळा लावून बघत होते, एक डोळा मिटून, रंधा मारल्यावर लाकूड बघायचे तसे. सुपारी थांबल्यावर त्यांनी ती उचलून अडकित्त्यात धरली आणि मला म्हणाले, "तू बस आधी."